मागच्या दाराची रुंदी

हल्ली लग्न करायचं म्हणजे आधी गाव सोडायचं. जिथं सगळा जन्म गेला, जिथं दोन पावलांवर चांगली सभागृहं आहेत, तिथं लागलेलं लग्न म्हणे लग्नासारखं वाटत नाही. मग डोंगर शोधा, समुद्र शोधा, आणि शे-सव्वाशे पाहुण्यांना बॅगांसकट तिकडं न्या. याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणतात. मोजणीबाईंचा याला विरोध नव्हता. उलट मुलीनं विषय काढला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक निळी फाईल विकत आणली.

मोजणीबाई हे त्यांना ऑफिसनं ठेवलेलं नाव. त्या अग्निशमन खात्यात तपासनीस होत्या. कुठल्या सभागृहात, कुठल्या नाटकघरात किती माणसं बसू द्यायची, हे त्या ठरवत. दाराजवळ एक पाटी असते, तिच्यावर माणसांचा आकडा असतो आणि ती कुणी वाचत नाही. तो आकडा त्यांचा. लोकांना वाटतं, हॉल मोजायचा म्हणजे जमीन मोजायची. बाई दारं मोजत. आत किती मावतात त्याला काय अर्थ आहे, घाबरले तर बाहेर किती पडतात ते बघा, असं त्या नव्या पोरांना शिकवत. नव्वद सेंटिमीटरपेक्षा अरुंद दार त्या दार धरतच नसत. आणि ज्या हॉलला धरण्याजोगं दार एकच, तिथं साठ माणसं. एकसष्टावा कितीही मोठा असो, बाहेर. हॉलवाले हातापाया पडत, ओळखी काढत, पण सव्वीस वर्षांत बाईंचा आकडा कधी एकानंही हलला नव्हता.

घरातही तोच खाक्या. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा आणि घरी मान डोलवायचा. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. एकुलती एक, आईसारखीच नीटनेटकी, उगाच शब्द न वाढवणारी. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा चांगला होता, दोन्हीकडचे मिळून पाहुणे एकशे वीस, आणि त्याच्या खाली येणं शक्य नाही असं तिनंच सांगितलं होतं.

फाईलमध्ये बाईंनी पहिलं नाव लिहिलं ते टेकडीवरच्या हॉटेलचं. मोठा हॉल, तीन दारं, तिन्ही बाहेर उघडणारी, पायऱ्यांना कठडे. या हॉटेलच्या दारात जरीचं नेसून आपण उभ्या आहोत, येणारा प्रत्येक जण आधी आपल्याला भेटतोय आणि मग आत जातोय, हे चित्र त्यांनी मनात इतक्यांदा बघितलं होतं की त्यात आता चपलासुद्धा ठरल्या होत्या.

मुलीनं फाईल शांतपणे चाळली आणि म्हणाली, "छान आहे गं. पण मला वाटतं, आत्याकडे करावं."

नवऱ्यानं मान डोलवली. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आता ही आत्या म्हणजे बाईंची थोरली नणंद. चार तासांच्या अंतरावर एका तळ्याकाठी तिचा होड्या भाड्यानं द्यायचा धंदा. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. राहायला सात-आठ खोल्या, आणि त्यांच्या बाजूला एक लांबलचक शेड. पूर्वी तिथं होड्या दुरुस्त व्हायच्या. आता फरशी घालून, रंग देऊन तिचा हॉल केलेला. शाळांच्या सहली तिथं उतरायच्या. त्या गावात लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत, जणू हिच्या भावांनी गावभर संसार मांडले होते.

मोजणीबाई नणंदेला पाण्यात पाहत, आणि नणंद राहायचीही पाण्याकाठीच, त्यामुळे काम सोपं होतं. गोष्ट जुनी होती. मुलगी सात वर्षांची असल्यापासून शाळेच्या मोठ्या सुट्टीत तिकडं जायची, कारण नेमकी त्याच दोन महिन्यांत बाईंची नाटकघरांची तपासणी असायची. पाठवत बाईच होत्या. पण पाठवणं वेगळं आणि गमावणं वेगळं. पोरगी पोहायला शिकली ती आत्याकडे. तिचा पहिला दात पडला तो आत्याकडे. ती मोठी झाली, म्हणजे ज्या दिवशी आईच जवळ असावी तो दिवस, तोही आत्याकडेच उजाडला, आणि बाईंना फोनवर कळलं. परत आली की महिनाभर आत्यासारखी मोठ्यानं हसायची. आणि या मुलाचं प्रकरण? तेही आधी तळ्याकाठी पोचलं आणि मग तिथून फिरून घरी आलं. बाईंनी यातलं काहीही लिहून ठेवलं नव्हतं. विसरल्याही नव्हत्या.

आणि आता लग्नही तिथंच. म्हणजे दारात कोण उभं राहणार? पाहुण्यांना खोल्या कोण दाखवणार? कुठे काय ठेवलंय हे सगळे कुणाला विचारणार? वधूची आई म्हणून आपण खुर्चीवर बसून राहायचं आणि कुणी विचारलं तर सांगायचं, वन्संना विचारा.

"हॉल लहान आहे तो," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर तू बघून ये," मुलगी म्हणाली. "तू हो म्हणालीस तर तिथं. नाही म्हणालीस तर तुझं हॉटेल. मी एक शब्द बोलणार नाही."

असं सगळं आपल्याच हातात आल्यावर बाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं.

रविवारी तिघं गेली. वन्सं फाटकाशीच उभ्या होत्या, पायात रबरी बूट, हाताला ग्रीस. "ये वहिनी," म्हणाल्या, "मोज बाई एकदाची, आणि मला मोकळी कर. ही पोर रोज फोन करून डोकं खाते." मुलीनं त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली, ग्रीसची पर्वा न करता. आपल्या खांद्यावर तिनं अशी हनुवटी शेवटची कधी टेकवली होती, हे बाईंना आठवेना. आठवेना म्हणून अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

हॉल वाईट नव्हता, हेच दुखत होतं. उंच छप्पर, दोन्ही बाजूंना खिडक्या, खिडक्यांतून पाणी. पुढचं दार रस्त्याकडे, दोन झडपांचं. त्याचं माप घेताना टेपचं दुसरं टोक वन्संनी धरलं. दीडशे. बाईंनी वहीत दीडशे लिहिलं. मागचं दार धक्क्याकडे उघडत होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना वल्ही टेकवून ठेवलेली, वर जाकिटं टांगलेली, त्यामुळे ते दिसायला अरुंद दिसायचं. तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक आलं आणि वन्सं गेल्या. नवरा खिडकीतून तळं बघत होता. चित्र काढायच्या विचारात होता म्हणजे त्याला आता हत्ती आला तरी दिसला नसता.

बाईंनी वल्ही बाजूला सारली आणि एकट्यानं माप घेतलं. एकशे दहा. बाहेर उघडणारं, उंबरा नाही, समोर मोकळा धक्का. दार म्हणून धरायला याच्याइतकं चांगलं दार नाही. म्हणजे दोन दारं. म्हणजे एकशे वीस काय, एकशे चाळीस माणसं आरामात. बाईंनी पेन उघडलं.

धक्क्यावर मुलगी फोनवर बोलत होती. पलीकडे तो मुलगा असणार. "हो रे," ती म्हणाली, "आत्ताच पोचलो घरी."

घरी.

बाई तशाच उभ्या राहिल्या. ज्या घरात तिची खोली आहे, तिची शाळेची वह्यापुस्तकं अजून आहेत, जिथून ती आज सकाळी निघाली, त्या घराला ही काय म्हणत असेल मग? आईकडे? पेन उघडंच होतं. त्यांनी वहीत लिहिलं: मागचं दार, सत्तर. सव्वीस वर्षांतला पहिला खोटा आकडा. अक्षर नेहमीसारखंच आलं.

चहाच्या वेळी त्यांनी निकाल सांगितला. "मागचं दार धरता येत नाही. सत्तर आहे. म्हणजे धरण्याजोगं दार एकच. साठ माणसं."

वन्संनी कप खाली ठेवला. त्यांनी मागच्या दाराकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं. बरंच बघितलं. बाईंनी वही मिटून पर्समध्ये टाकली.

"वहिनीनं मोजलंय ना," वन्सं म्हणाल्या, "मग झालं तर."

मुलगीही दाराकडे बघत होती. कपाळाला आठी घालून, लहानपणी गणित अडलं की बघायची तशी. मग तिनं आठी सोडली आणि चहा प्यायली. परतीच्या चार तासांत ती एक शब्द बोलली नाही, कबूल केल्याप्रमाणे. बाई मात्र टेकडीवरच्या हॉटेलबद्दल बोलत राहिल्या. कठड्यांबद्दलसुद्धा बोलल्या.

पुढचे तीन दिवस बाईंचे बरे गेले. खोटं बोलल्याची टोचणी होती, नाही असं नाही, पण टोचणीवर हॉटेलच्या फोटोंचा लेप लावता येत होता. हॉटेलला फोन करून त्यांनी तारखासुद्धा विचारल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलगी एक कागद घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर आईसमोर ठेवला.

"साठ," ती म्हणाली.

"काय साठ?"

"माणसं. बसवली मी साठांत. त्याच्या घरचे आधी तयार नव्हते, पण मी सांगितलं, माझी आई अग्निशमनला आहे, ती म्हणते साठ, तर साठच. मग ऐकलं त्यांनी."

बाईंनी कागद बघितला. मुलीनं स्वतःच्या मैत्रिणी नेमक्या निम्म्या केल्या होत्या. कॉलेजातल्या प्राध्यापिकेला गाळलं होतं, दुकानातल्या दोघींना गाळलं होतं. नवऱ्याच्या शाळेचं कुणी नव्हतं. पण बाईंचा भाऊ होता, भावजय होती, तिन्ही मावश्या होत्या. ऑफिसातल्या तिघी होत्या. त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. नावं मोजायची सवयच होती, त्यामुळे कुठलं नाव नाही ते चटकन कळलं.

"वन्सं कुठायत यात?"

"आत्या म्हणाली, मला धरू नका," मुलगी म्हणाली आणि पाण्याचा ग्लास उगाच पुसायला लागली. "म्हणाली, मी बाहेर धक्क्यावर असेन, होड्यांकडे कुणीतरी लागतंच. एक जागा तेवढीच वाढली. ती धाकट्या मावशीला दिली. नाहीतर मावशी राहत होती बाहेर."

"लग्न लागताना त्या बाहेर?"

"खिडकीतून दिसतं, म्हणाली." मुलीनं ग्लास खाली ठेवला. "मी भांडले तिच्याशी. पण नियम म्हणजे नियम, तूच म्हणतेस ना. माझ्याच लग्नात कसा मोडायचा?"

बाईंनी कागद उलटा करून ठेवला. हरलेल्या माणसाचा राग येतो, जिंकलेल्याचा तर येतोच. पण आपण दाराबाहेर काढावं आणि त्यानं हसत हसत स्वतःच जाऊन उभं राहावं, अशा माणसाचं काय करायचं? लग्नात पाहुणे त्यांना विचारतील, मुलीची आत्या कुठाय? आणि त्यांना खिडकीकडे बोट दाखवावं लागेल. मत्सर जायचं नाव घेत नव्हता, उलट आता त्याच्या पोटात भीती शिरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून त्यांनी फोन लावला. जिना मोकळा असायचा, बाईंच्याच हुकमानं.

"वन्सं, ते मागचं दार," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"एकशे दहा आहे," वन्सं म्हणाल्या. मागे कुठंतरी ठोकाठोक चालू होती. "माझी होड्यांची गाडीच मीटरभर रुंद आहे गं. रोज त्या दारातनं जाते-येते. सत्तरमधनं कशी जाईल?"

"मग त्याच वेळी का बोलला नाहीत?"

"कुणासमोर? तिच्यासमोर?" ठोकाठोक थांबली, बहुतेक वन्सं बाहेर आल्या असाव्यात. "आणि बोलले असते तर तिनं माझं ऐकलं असतं असं वाटतं तुला? वहिनी, तुला एक सांगू का? इतकी वर्षं ती यायची ना, पहिले आठ दिवस माझं डोकं उठायचं. आई असं म्हणते, आई तसं म्हणते. होडीत बसायच्या आधी माणसं मोजायची. खोलीत शिरली की आधी दार कुठंय ते बघायची. मी पोहायला शिकवलं, मी डोक्याला तेल लावलं, आणि पोरगी बोलणार कुणाबद्दल, तर तुझ्याबद्दल. मला काय कमी राग यायचा?"

बाई जिन्याच्या कठड्याला टेकल्या.

"मी तुझा आकडा खोटा पाडला असता तर तिला आपल्या दोघींतली एक निवडावी लागली असती," वन्सं म्हणाल्या. "आणि मला माहीत होतं कोण निवडली जाणार. म्हणून गप्प बसले. चांगुलपणा वगैरे काही नाही. आता तुला काय करायचं ते तू बघ. मी धक्क्यावर उभी राहीन, मला चालतं."

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ जिन्यातच राहिल्या. वीस वर्षं ज्या बाईवर त्या जळत होत्या, ती वीस वर्षं त्यांच्यावर जळत होती, आणि दोघींपैकी कुणालाच पत्ता नव्हता. आनंद झाला, खोटं कशाला बोला. अगदी लहान मुलीसारखा झाला. पण तो पुरा वर यायच्या आतच त्यांना कळलं की मुलीचा जो विश्वास आपला आहे असं आज कळलं, तोच आता खर्चून टाकायचा आहे. दुसरा रस्ता नव्हता. वन्संना आत आणायचं तर आकडा खोडावा लागणार होता.

ऑफिसात अर्धा दिवस रजा टाकून त्या मुलीच्या दुकानात गेल्या. मुलगी मागच्या अंधाऱ्या खोलीत होती. एका आजोबांच्या नाकावर ती जड चाचणीची चौकट होती आणि मुलगी तिच्यात एकामागून एक काचा घालत विचारत होती, आता बरं दिसतं की आधी बरं होतं? आजोबांना दोन्ही सारखंच दिसत होतं. ते गेल्यावर बाई त्यांच्या खुर्चीत बसल्या. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळलेला होता.

"डोळे दुखतायत का?" मुलीनं विचारलं.

"नाही. ते मागचं दार सत्तर नाही. एकशे दहा आहे."

मुलगी काचांची पेटी आवरत होती, ती थांबली. "म्हणजे तुझं मोजायला चुकलं?"

चुकलं म्हणायची वाट समोर सरळ पसरलेली होती. चुकणं माफ असतं. बाईंनी तक्त्याकडे बघितलं, सगळ्यांत खालची बारीक ओळसुद्धा त्यांना स्पष्ट दिसत होती.

"चुकलं नाही. मी बरोबर मोजलं आणि खोटं लिहिलं."

"का?"

"तू फोनवर म्हणालीस, घरी पोचलो. तिथं."

ती स्टुलावर बसली, जिथं बसून ती लोकांच्या डोळ्यांत बघायची. पण आईच्या डोळ्यांत तिनं बघितलं नाही. हातातली काच रुमालानं पुसत राहिली.

"मला आठवत होतं," शेवटी ती म्हणाली. "होड्यांची गाडी मी आणि आत्या त्याच दारातून न्यायचो. पुढून ती ओढायची, मागून मी ढकलायचे. मी रविवारी तिथं बसून तेच आठवत होते. मग तू म्हणालीस सत्तर. मी म्हटलं, तेव्हा मी लहान होते, मला दार मोठं वाटलं असेल. नाहीतर आम्ही गाडी पुढच्या दारातून नेत असू आणि मीच घोळ घालतेय. पाच दिवस मी स्वतःलाच समजावतेय, आई."

बाईंनी हात पुढे केला. मुलीनं तो धरला नाही, झिडकारलाही नाही. काच पेटीतल्या तिच्या खाचेत ठेवली आणि झाकण लावलं.

"आत्याला सांगते मी, तिनं आत यायचं," ती म्हणाली. "आणि ज्यांना गाळलं त्यांनाही कळवते."

"हो. एकशे चाळीस बसतात. वीस माणसं आणखी बोलावलीस तरी चालेल."

मुलगी उठली. खोलीतला दिवा लावला, तक्ता फिका पडला. मग तिनं विचारलं, अगदी हळू, राग नसलेल्या आवाजात, "आणि पुढचं दार? ते तू दीडशे म्हणालीस."

सव्वीस वर्षांत बाईंना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हॉलवाल्यांनी शिव्या दिल्या होत्या, वरिष्ठांनी फाईली दाबल्या होत्या, पण हा आकडा खरा आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं.

"दीडशेच आहे," त्या म्हणाल्या. "वन्संनीच दुसरं टोक धरलं होतं."

"बरं," मुलगी म्हणाली. "तरी रविवारी मी जाऊन मोजून येते."